साडेचार वर्षांत चौथी कंपनी? आधी रास कुठं केली ते सांग

उदगीरकडच्या एका पोराचा प्रश्न आलाय. वय २७, जावा बॅकएंडवर (पडद्यामागच्या प्रोग्रामिंगचं) काम, थेरगावात चौघांत रूम करून राहतो. नोकरीला साडेचार वर्षं झाली, पहिल्या कंपनीत दोन वर्षं, दुसरीत सोळा महिने, तिसरीत चौदा महिने, आणि आता चौथीची ऑफर हातात आहे, ४० टक्के वाढ, वर दोन लाखाचा जॉइनिंग बोनस. वडील म्हणायलेत एका जागी टिकंना गेलास, रूमवरचे म्हणायलेत ऑफर सोडलीस तर येडा ठरशील, आणि ह्याला कळंना की सारख्या कंपन्या बदलल्या तर पुढं करिअरला डाग लागतो का.

वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरेच करतो, राग मानू नको. मी पण तिकडचाच, जिंतूरकडचा, नांदेडला विष्णुपुरीला इंजिनीअरिंग केलं आणि २००६ ला बॅग घेऊन पुण्यात उतरलो. पहिल्या कंपनीत सहा वर्षं काढली, मग साडेतीन वर्षांत तीन कंपन्या केल्या, आणि आता एकाच जागी बरीच वर्षं आहे. गेली आठ-नऊ वर्षं इंटरव्ह्यू पॅनलवर बसतो म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बसून झालंय.

आपल्याकडं पाडव्याला सालगडी बदलतो, माहीत आहे ना. साल संपलं, हिशोब झाला, दुसऱ्या मालकानं चार पोती जास्त कबूल केली तर गडी तिकडं जातो. त्याला गावात कुणी नावं ठेवत नाही. नावं कुणाला ठेवतात तर जो ऐन श्रावणात, कोळपणी-फवारणी चालू असताना, रात्रीतून बिस्तरा घेऊन गेला त्याला. दुसऱ्या वर्षी त्याला कुणी लवकर साल देत नाही, दिलं तरी घासाघीस करून देतं. आयटीत पण एवढंच आहे बघ. किती मालक बदलले ह्याच्यापेक्षा कुठल्या महिन्यात सोडलं ते बघितलं जातं, फक्त आमच्याकडं हंगाम कॅलेंडरवर दिसत नाही म्हणून पोरांना वाटतं की हंगाम नसतोच.

तुझ्याच कामातला हंगाम सांगतो. समजा ऑर्डरचं मॉड्यूल तू लिहिलंस, टेबल तू डिझाइन केलं, टेस्टिंगला दिलं, प्रोडला म्हणजे खऱ्या वापरात गेलं, सगळ्यांनी केक कापला. ही झाली पेरणी. पहिले दोन-तीन महिने बग येतात, ती कोळपणी. खरी गंमत आठ-दहा महिन्यांनी सुरू होते, टेबलमध्ये कोट-दोन कोट रो, म्हणजे नोंदी, झाल्या की जी क्वेरी पटकन यायची ती मिनिटभर घ्यायला लागते, महिनाअखेरीची बॅच सकाळपर्यंत संपत नाही, रात्री दोनला फोन येतो, आणि मग तुला कळतं की त्या दिवशी आपण जो इंडेक्स (डेटा पटकन सापडायची सोय) टाकला नाही किंवा हौसेनं जे तीन सर्व्हिसमध्ये तोडलं ते चुकलं होतं. ही रास, खळ्यात धान्याचा ढीग लागतो ती. ह्या राशीवर जो बसला त्याला पुढच्या वेळी पेरतानाच कळतं कुठं काय उगवणार नाही. आणि जो दरवेळी केक कापून पुढच्या कंपनीत गेला त्यानं पाच वेळा पेरलं, पण धान्य किती निघालं हे त्याला एकदाही माहीत नाही, त्याच्या चुका त्याच्या मागं दुसऱ्या कुणीतरी निस्तरल्या. त्याला स्वतःला तर वाटत असतं की आपलं सगळं बरोबरच होतं!

हे इंटरव्ह्यूत किती पटकन बाहेर येतं ते सांगतो. मध्ये एकजण आला होता, सहा वर्षं, पाच कंपन्या, सीव्हीवर मोनोलिथ तोडून मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे एका मोठ्या सॉफ्टवेअरचे छोटे-छोटे तुकडे, केल्याचं ठळक अक्षरात लिहिलेलं. मी विचारलं एखादी ऑर्डर दोन सर्व्हिसच्या मध्ये अडकली तर शोधायचास कशी. म्हणला तो भाग दुसरी टीम बघायची. बरं, त्याच्या आधीच्या कंपनीत? तिथं मी लाइव्ह जायच्या आधी सोडलं. त्याच्या आधी? तिथं सपोर्टची टीम वेगळी होती. पोरगा हुशार होता, बोलायला चटपटीत होता, पण तीन प्रश्नांत तीन कंपन्या संपल्या. आणि त्याच आठवड्यात अंबाजोगाईची एक पोरगी, सात वर्षांत चार कंपन्या, त्यातल्या दोन तर अकरा-अकरा महिन्यांच्या. एचआरनं सीव्ही बाजूला काढून ठेवला होता. तिनं एकच किस्सा पंचवीस मिनिटं सांगितला, पगाराच्या दिवशी डेटाबेसची कनेक्शन संपून सगळं अॅप कसं झोपलं, आधी ती चुकीच्या जागी कशी शोधत बसली, मग थ्रेड डंपमध्ये (त्या क्षणी प्रोग्राम कुठं अडकलाय त्याची नोंद) काय दिसलं, नंतर पूल साइज, म्हणजे कनेक्शनची संख्या, वाढवून पण का भागलं नाही. घेतली तिला. त्या अकरा महिन्यांबद्दल मी विचारलं पण नाही.

पण म्हणून तारखा कुणी बघतच नाही असं समजू नको. सगळ्यात आधी तारखाच बघितल्या जातात, मी पण बघतो, सीव्ही उघडला की नजर तिथंच जाते. फ्रेशरची पहिली दोन-तीन वर्षं सोडून द्यायची असतात, तेव्हा माणूस पगारासाठीच पळतो, त्यात काही पाप नाही. साडेतीन लाखावर लागलेला पोरगा, वर्षाला सहा-आठ टक्क्यांनी वाढवत बसला तर पुण्यात भाडं भरून गावाकडं काय पाठवणार, उघड आहे. म्हणून पहिल्या दोन उड्या मी माफ करतो. तिसरीला थांबून बघतो. पाचवीला मनात हिशोब सुरू होतो की ह्याला शिकवायला चार-सहा महिने घालायचे आणि हा वर्षाच्या आत पेपर टाकणार, म्हणजे राजीनामा देणार, मग घ्यायचं कशाला.

एक गोष्ट मात्र आपली पोरं उगीच चुकवतात. थर्ड पार्टी पेरोलवर असलेल्यांचं, म्हणजे काम एकाकडं आणि पगार दुसऱ्याच कंपनीकडून असं असलेल्यांचं, तर बघवत नाही. काम एकाच क्लायंटकडं तीन वर्षं केलंय, त्याच प्रोजेक्टवर, त्याच खुर्चीवर, फक्त पेरोल दोनदा बदललं आणि सीव्हीवर तीन कंपन्या लिहून बसतात! अरे, क्लायंट आणि प्रोजेक्ट एका ठिकाणी लिही, खाली पेरोलच्या कंपन्यांची नावं तारखेसकट दे. लपवायचं काही नाही, नुसतं वाचणाऱ्याला कळेल असं मांडायचं. आणि ले-ऑफमध्ये (कपातीत) नोकरी गेली असेल तर सरळ तसं लिहायचं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं साधारण १२ हजार लोक, म्हणजे जवळपास २ टक्के, कमी करायचं जाहीर केलं, त्यात जास्त करून मधल्या आणि वरच्या पदांवरचे होते, त्यामुळं आता ले-ऑफ ऐकून कुणी भुवया वर करत नाही.

खोटा अनुभव दाखवून देणारी दुकानं आहेत, रूमवर कुणी ना कुणी सांगतंच. त्याच्या नादी लागू नको, आणि लागला असशील तर आत्ताच बाहेर ये. २०१४ पासून पीएफला यूएएन, म्हणजे कंपनी बदलली तरी न बदलणारा एकच नंबर, आलाय, कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत पीएफ भरला ते सगळं एका पानावर दिसतं, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले तेच पान मागतात.

आता पैशाचं. ह्यात पोरं सगळ्यात जास्त फसतात. ४० टक्के वाढ सीटीसीवर (कंपनी तुझ्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चावर) आहे की हातात येणाऱ्यावर? दोन्ही कंपन्यांची पगाराची फोड शेजारी-शेजारी ठेवून बघ. सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफ असतो, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) असतो जो पूर्ण मिळेलच असं नाही, कधी इन्शुरन्सचा प्रीमियम पण धरतात, आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे बरीच वर्षं टिकल्यावर सोडताना मिळणारी रक्कम, धरतात बेसिकच्या ४.८१ टक्के. ती ग्रॅच्युइटी मिळायला पर्मनंट माणसाला पाच वर्षं लागतात. नवीन लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले त्यात फिक्स्ड टर्मवाल्याला (ठरावीक मुदतीच्या करारावरच्याला) एका वर्षावर हक्क दिलाय, पण तुझ्यासारख्याला पाचच. बेसिक ५० हजार धर, पाच वर्षांनी सोडलं तर पंधरा भागिले सव्वीस गुणिले पाच वर्षं ह्या हिशोबानं १ लाख ४४ हजार होतात. साडेचार वर्षांत तुला तीन कंपन्यांत मिळून ह्यातला एक रुपया मिळाला नाही, आणि तिन्ही ऑफर लेटरात ती रक्कम तुझ्या पॅकेजमध्ये मोजलेली होती. म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी थांब असं म्हणत नाही, एका चांगल्या उडीत तेवढं निघून जातं, पण जे मिळणार नाही ते वाढीत धरू नको.

पीएफ काढू नको, ट्रान्सफर कर. हे मी माझ्या जिवावर शिकलोय. २०१२ ला पहिली कंपनी सोडली तेव्हा शेतात बोअर मारायचा होता, सहा वर्षांचा पीएफ काढला आणि सोबत पेन्शनचे पैसे काढायचा फॉर्म १०सी पण भरून टाकला, कारण चार पैसे जास्त येत होते. बोअरला पाणी लागलं नाही तो भाग वेगळा. पण पेन्शन मिळायला एकूण १० वर्षं सेवा लागते, ती माझी सहा वर्षं पुसली गेली आणि मोजणी शून्यापासून सुरू झाली. नुसता ट्रान्सफर केला असता तर सेवा जोडली गेली असती. आणि तुझी अजून सलग पाच वर्षं झाली नाहीत, आत्ता काढलास तर त्यावर टॅक्स पण लागेल, ट्रान्सफर केलास तर जुन्या कंपनीतली सेवा धरली जाते.

टॅक्सचं अजून एक. वर्षाच्या मध्ये कंपनी बदलली की नव्या कंपनीला जुन्या कंपनीच्या पगाराचा हिशोब द्यायचा असतो. नाही दिला तर दोघं पण तुला स्लॅब शून्यापासून लावतात, दोघं पण स्टँडर्ड डिडक्शन देतात, महिन्याला हातात जरा जास्त पडतं, माणूस खूश, आणि रिटर्न भरताना एकदम साठ-सत्तर हजार भरायची वेळ येते. दरवर्षी जुलैत माझ्याकडं एक तरी पोरगा तोंड पाडून येतो.

आणि इन्शुरन्स. हे जरा लांब सांगतो कारण ह्याबद्दल कुणी बोलत नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात मी शुक्रवारी एक कंपनी सोडली आणि पुढची अकरा दिवसांनी जॉइन करायची होती. म्हटलं मधल्या दिवसांत गावाकडं जाऊन यावं. चौथ्या दिवशी वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, परभणीहून तेव्हाच्या औरंगाबादला नेलं, दोन स्टेंट पडले, २ लाख ६० हजार बिल झालं. जुन्या कंपनीचं कव्हर शेवटच्या दिवशीच संपलं होतं, नव्याचं सुरू झालं नव्हतं. तेव्हा स्टेंटच्या किमतीला सरकारी मर्यादा पण नव्हती, ती २०१७ ला आली. मामाकडून, मित्रांकडून गोळा करून भरले. नंतर नव्या कंपनीचा जो जॉइनिंग बोनस आला तो त्यातच गेला, म्हणजे ज्या उडीसाठी एवढं केलं तिची पहिली कमाई तिथंच फिटली. तुझे आईवडील कंपनीच्या कव्हरवर असतील तर त्यांची एक वेगळी पॉलिसी आजच काढ, आधीपासूनच्या आजारांना वेटिंग पिरियड असतो, २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३ वर्षं केलाय, पण तो तुझ्या कंपन्या बदलण्यात दरवेळी नव्यानं सुरू व्हायला नको. सोडताना कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते पण विचार, अशी सोय असते, एचआर आपणहून सांगत नाही. आणि दोन कंपन्यांच्या मध्ये सुट्टी घ्यायचीच असली तर ते दिवस झाकलेले आहेत का बघ.

माझ्या त्या तीन कंपन्यांचं विचारशील तर पगार अडीचपट झाला, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर अजून एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा लीडच्या (टीमच्या म्होरक्याच्या) जागेसाठी बोलावलं होतं आणि समोरच्या बाईंनी एकच विचारलं, मागच्या तीन वर्षांत तुम्ही घेतलेला एखादा निर्णय सांगा जो नंतर चुकीचा निघाला. माझ्याकडं नव्हता. चुकलोच नव्हतो असं थोडंच होतं, चूक निघेपर्यंत मी थांबलोच नव्हतो. नाकारलं मला. परत येताना हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास मिळाला विचार करायला, त्या ट्रॅफिकचा तेवढा एक उपकार.

पगाराच्या उडीत अजून एक खड्डा असतो. चार-पाच वर्षांच्या अनुभवाला सोळा-अठरा लाख घ्यायला लागलास की लोक तुझ्याकडून आठ वर्षांच्या माणसाची अपेक्षा करतात. तेजीत चालून जातं. २०२२ ला बाजार असा पेटला होता की जूनच्या तिमाहीत इन्फोसिसचं अॅट्रिशन, म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, २८.४ टक्के होतं, पोरं एका हातात चार-चार ऑफर घेऊन फिरायची, दुप्पट मागितलं तरी द्यायचे. वर्षभरात भरती थंडावली आणि त्यातलेच कितीतरी बेंचवर आले, म्हणजे पगार चालू पण प्रोजेक्ट नाही. बेंचवर महाग माणूस आधी डोळ्यात येतो. टीसीएसनं तर २०२५ च्या जूनपासून नियमच केला की वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल (क्लायंटला बिल लावता येईल अशा कामावर) पाहिजे आणि बेंचवर ३५ दिवसांच्या वर नको. नवीन कंपनीत तुझी ओळख नसते, तुझ्यासाठी बोलणारा मॅनेजर नसतो, त्यामुळं मंदीत नवा आणि महाग माणूस सगळ्यात कच्चा. बाहेरदेशी जायचं डोक्यात असेल तर हे पण ध्यानात ठेव की अमेरिकेच्या एल-वन व्हिसाला (कंपनी आपलाच माणूस तिकडच्या ऑफिसात पाठवते तो) मागच्या ३ वर्षांत सलग किमान १ वर्ष त्याच कंपनीत भारतात काम झालेलं लागतं, सारखा बदलणारा त्या रांगेत उभाच राहत नाही.

लग्नाचं तर सांगायलाच नको. बायोडाटा छापून आणेस्तोवर कंपनी बदलते आणि पोरीचा मामा विचारतो, नेमका कुठं आहे मुलगा.

आता उलट बाजू पण ऐक, कारण वडिलांच्या पिढीला वाटतं टिकणं म्हणजेच चांगलं. एका जागी दहा वर्षं बसून तीच एक्सेल भरणारे, तेच जुनं स्क्रीन सांभाळणारे मी ढीगभर बघितलेत, त्यांना बाहेर काढलं की पहिल्या राउंडला पडतात. मी पहिल्या कंपनीत जी सहा वर्षं काढली त्यातली शेवटची दोन निव्वळ भीतीची होती, २००८-०९ ची मंदी आणि सत्यम कंपनीच्या घोटाळ्याचं प्रकरण डोळ्यासमोर बघितलेलं, कुठं हलायचं धाडस होईना. ती दोन वर्षं वाया गेली असंच मी म्हणतो. शिकायला काही उरलं नाही, मॅनेजर छळतोय, प्रोजेक्ट मेलंय, पगार बाजारापेक्षा निम्मा आहे, तर सोड की, कामून बसायचं?

मग तुझं काय. तू लिहिलंयस की सध्याचं मॉड्यूल दोन महिन्यांत प्रोडला जाणार आहे, आणि नोटीस ९० दिवसांची आहे. मग भांडण कुठं आहे? पेपर टाकला तरी लाइव्ह जाणं तुझ्या नोटीसमध्येच येतंय, वर एक महिना हायपरकेअरचा, म्हणजे लाइव्ह गेल्यावर डोळ्यात तेल घालून बघायचा, मिळतोय. पूर्ण रास नाही झाली, पण निदान पहिलं पोतं तरी डोळ्यानं बघशील. फक्त नोटीस टाकली की पोरं हात सैल सोडतात ते करू नको, उलट मॅनेजरला आपणहून सांग की प्रोडचे कॉल माझ्याकडं लाव. आणि नव्या कंपनीनं लवकर ये, नोटीस बायआउट करू (उरलेल्या दिवसांचे पैसे आम्ही भरू) म्हणलं तरी नाही म्हण, त्यांनी तीन महिने थांबायची तयारी दाखवली तर त्यांना माणूस खरंच पाहिजे असं समज.

त्यांच्या मॅनेजरशी एकदा फोनवर बोल, नुसतं एचआरच्या गोड बोलण्यावर जाऊ नको. विचार की ही जागा रिकामी कामून झाली, आधीचा माणूस किती दिवस होता, लिहिलेलं कोड कोण सांभाळतं, ऑन-कॉल (रात्री-अपरात्री बिघाड झाला तर फोन घ्यायची पाळी) असतो का. ऑन-कॉल नाही म्हणून खूश होऊ नको, तुझ्या वयात तो असलेलाच बरा. आणि तिथं गेलास तर तीन वर्षं हलायचं नाही असं आत्ताच ठरव, तीसच्या आत एक तरी लांब जागा सीव्हीवर पाहिजे, नाहीतर लीडच्या इंटरव्ह्यूला माझ्यासारखा कोरा बसशील.

वडिलांना टक्के सांगत बसू नको. त्यांना सांग, श्रावणात नाही सोडत, हिशोब करून निघतोय. त्यांना बरोबर कळेल.

राहिला तो दोन लाखाचा जॉइनिंग बोनस. ती उचल आहे, मुकादमाकडून आगाऊ घेतात तसली, दुसरं काही नाही. बीडकडच्या ऊसतोडीच्या लोकांचे उचलीपायी जे हाल होतात त्याच्याशी आपली बरोबरी करायला तोंड नाही, पण यंत्र तेच आहे, आधी पैसे घे आणि मग मुदत संपेपर्यंत हलू नको. किती महिन्यांत सोडलं तर परत द्यायचा, पूर्ण द्यायचा की उरलेल्या महिन्यांच्या हिशोबानं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, टॅक्स कापून हातात आलेली रक्कम परत द्यायची की कापायच्या आधीची. बहुतेक ठिकाणी आधीची लिहिलेली असते म्हणजे तुला मिळाले दीड आणि द्यायचे दोन. असल्या बॉन्डला (मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायच्या कराराला) कोण विचारतंय असं रूमवरचे सांगतील, पण मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेच्या केसमध्ये ३ वर्षांच्या आत सोडलं म्हणून २ लाख भरायची अट योग्य धरली आहे. सही करायच्या आधी ऑफर लेटरची ती दोन पानं मला पाठव, शनिवारी रात्री मी नांदेडच्या ट्रॅव्हल्समध्ये असतो, झोप काही लागत नाही, वाचून सांगतो.